कोरड्या नळातला आवाज

पालीच्या अलीकडच्या आमच्या गावाला नळ आले ते बहात्तरच्या दुष्काळानंतर. विहिरीवरचं इंजिन मी चालवायचो. "मुबारकभाई, पाणी कधी सोडताय?" एवढंच गावाचं माझ्याशी बोलणं.

ती विहीर दुष्काळात पहार-सुरुंगानं खोल करताना दरड कोसळून खणणारा चिमाजी गेला. प्रेत वर काढलं, अग्नी दिला. त्याच दरडीमागं झरा फुटला. सगळं गाव ते पाणी प्यायलं; त्याची बायको ठकुबाई मात्र हंडा घेऊन नदीवर जायची.

श्रावणातली संध्याकाळ. डोंगरावरून धुकं उतरलेलं. चावडीजवळचा नळ सैल झाला म्हणून मी पाना घेऊन गेलो. इंजिन दुरुस्तीला काढलेलं, टाकी कोरडी ठाक. पाना लावला तर हाताला हादरा बसला.

ठक्... जरा थांबून पुन्हा, ठक्...

आवाज पाइपातून येत होता. लांबून, खालून. दगडावर पहार पडावी तसा. नळाच्या तोंडातून सुरुंगाच्या दारूचा वास आला.

चावडीवर बसलेले सोपानतात्या जवळ आले. त्यांनी नळाला कान लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खणतंय कुणीतरी..."

"हिरीत कुणी न्हाई, तात्या. म्या आत्ताच तिथनं आलो."

"हळू बोल. ठकुबाईच्या कानावर जायला नको..."

पण ती आमच्या मागंच उभी होती, कमरेवर नदीचा हंडा घेऊन. तिनं हंडा खाली ठेवला. गुडघ्यावर बसली आणि माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा पाइपावर हात ठेवला.

"लई दमलात..." ती पुटपुटली. "पाणी लागलं हो. कवाच लागलं. आता वर या."

आवाज थांबला.

दुसऱ्या दिवसापासून ठकुबाई नळावर येऊ लागली. बायकांशी हसून बोलायची. बरं झालं, असंच सगळे म्हणाले.

मग एकदा दिवेलागणीला मी तिच्या घरावरून चाललो होतो. दार लोटलेलं. आत ती हळू आवाजात कुणाला तरी जेवायचा आग्रह करत होती. घरात तर ती एकटीच.

"ठकुबाई, कोण आलंय?"

दार किंचित उघडलं.

"कुणी न्हाई, मुबारकभाई. जावा तुमी."

तेवढ्यात तिच्या मागं, अंधारात, कुणीतरी खोकलं. कोरडं, खोल... दगडाची पूड छातीत बसलेली माणसं खोकतात तसं.