उलट फिरणारं रीळ

"हे बाबांचं रीळ नाही," असं म्हणत तिने गळाच्या काठीचं ते पितळेचं जडशीळ चाक बाईंच्या टेबलावर ठेवलं. "माझ्या भावाने खरं विकलं आणि हे माझ्या गळ्यात मारलं."

पोस्टमास्तरांनी जांभई दाबली. निवृत्त झाल्यापासून ते बाईंच्या तपासकामात लुडबुड करत, आणि भावाबहिणींची भांडणं ऐकून त्यांचे कान किटले होते. बाईही थकलेल्या दिसत होत्या, पण त्या ऐकत होत्या.

"कशावरून ओळखलंत?"

"लहानपणी तळ्यावर मी त्यांच्या शेजारी बसायचे. बाबा गळ टाकून उजव्या हाताने मूठ फिरवायचे. हे काठीवर चढवलं की मूठ डावीकडे येते. दोरासुद्धा उलटा गुंडाळलाय. आणि ही मूठ बघा केवढी जाडजूड! बाबांच्या रिळाची करंगळीएवढी होती."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा. उजवा हात गेला, म्हणून मीच माळ्यावर टाकलं. मग त्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मी खिडकीसुद्धा उघडू देत नव्हते. मी नर्स आहे हो! तरी थंडी भरली आणि न्यूमोनियाने गेले." तिचा आवाज चिरकला. "दिवसा मी कामावर, तेव्हा भाऊच त्यांच्याजवळ असायचा. त्याने विकलं असेल तर माझं दार त्याला कायमचं बंद."

जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने त्या रिळासाठी म्हाताऱ्याचे उंबरे झिजवले होते, म्हणून बाई आधी त्याच्याकडे गेल्या.

"पाठीवर अशी जाळी कोरलेलं दुसरं रीळ मी जन्मात पाहिलं नाही," तो म्हणाला. मग उलटंपालटं करून त्याने नाक मुरडलं. "जाळी तीच. पण कोणीतरी पोट फाडलंय. स्क्रूच्या खाचा ताज्या खरवडल्यात. आता फुकट दिलंत तरी नको."

"म्हणजे नक्कल?" पोस्टमास्तरांनी उत्साहाने विचारलं.

"अशी नक्कल करणारा भेटला तर मीच त्याला कामावर ठेवेन," दुकानदार हसला.

भाऊ वडिलांच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसला होता. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले.

"ताई म्हणते ना विकलं? मग विकलं," तो म्हणाला.

"कोणाला?"

तो उशीचा अभ्रा सारखा करू लागला. बाईंनी पलंगाशेजारचं औषधांचं कपाट न्याहाळलं. वरच्या ड्रॉवरला लाकडाची जाड काळी मूठ होती. खालच्या ड्रॉवरला मूठच नव्हती, सुतळीचा फास होता. त्यांनी सुतळी ओढून पाहिली आणि सोडून दिली.

"गडी कबूल झाला! मिटलं!" बाहेर येताच पोस्टमास्तर म्हणाले.

"विकणाऱ्याला गिऱ्हाईक आठवतं, पोस्टमास्तर." बाई एका बाकावर बसल्या आणि पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी रीळ उघडलं. आत दात्यांचं छोटं चाक होतं, त्याला अडकणारी खिटी होती. "बघा. दात्यांची एक बाजू झिजून गुळगुळीत. दुसरी नुकतीच घासली जाऊ लागलेली."

पोस्टमास्तरांनी डोळे बारीक केले. त्यांना दाते नुसते दातेच दिसले. बाई मात्र बराच वेळ उठल्याच नाहीत. "कधी कधी वाटतं, शोध लागूच नये," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्याच खोलीत त्यांनी दोघा भावंडांना समोरासमोर बसवलं.

"रीळ तुमच्या वडिलांचंच आहे," बाई बहिणीला म्हणाल्या. "जाळीची खूण दुकानदाराने पटवली. दाते एका बाजूने झिजलेत ते उजव्या हाताच्या काळात. नंतर कोणीतरी ते उघडून खिटी उलटी बसवली, दोरा उलटा गुंडाळला. का? काठी दुसऱ्या कोणी धरली, तरी मूठ फिरवायला त्यांना डावाच हात उरला होता. त्या हातात नाजूक मूठ टिकेना, म्हणून त्या खालच्या ड्रॉवरची मूठ काढून लावली. वरच्या मुठीशी ताडून पाहा."

बहिणीने पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"आणि माळ्यावर पडलेल्या रिळाचे दाते घासले जात नाहीत. ते तळ्यावर जात होतं. तुम्ही कामावर असताना."

"पण मग विकलं असं का म्हणालास?" ती भावावर ओरडली.

पोस्टमास्तरांना एवढं मात्र आधी कळलं, आणि त्यांनी मान खाली घातली.

"बंद खोलीतल्या माणसाला थंडी भरली कशी, हे तुम्ही विचारू नये म्हणून," बाई हळूच म्हणाल्या. "त्यापेक्षा चोर ठरणं यांना सोपं वाटलं."

"शेवटच्या दिवशी पाऊस आला, ताई," भाऊ म्हणाला. "मी निघा म्हटलं. ते म्हणाले, एकदाच टाकू दे. मी टाकू दिलं."

बाईंना वाटलं, ती आता त्याच्या मुस्काटात मारणार. तिने हात उचललासुद्धा, पण तो तिच्याच तोंडावर गेला.

"मला का नाही नेलंत रे?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," ती रडत म्हणाली. "तरी विचारायचं."