वरच्या मजल्यावरचा खलबत्ता

दारातल्या माणसाचे डोळे इतके लाल होते, की वाटलं, हा भांडायला आलाय. आला होता भांडायलाच. त्राण मात्र नव्हतं.

"मी खालचा, धर्मराज. रातपाळी करून सातला अंग टाकतो, अन् सव्वासातला तुमी माझ्या डोक्यावर... काय कुटता हो?"

"जवस."

"रोज?"

"दिवसाआड. मधल्या दिवशी कारळे."

हसता हसता त्याला जांभई आली.

आईचं मनगट मोडल्यापासून खलबत्ता माझ्याकडे होता. चटणीशिवाय तिच्या घशाखाली भाकरी उतरत नसे, आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर माझ्या हातात बळ उरत नसे. तसं मी त्याला सांगितलं.

"मग महिनाअखेर मी खोली सोडतो," तो म्हणाला. रागाने नाही, थकून. "नाहीतर... एखादं यंत्र घ्या. निवडायला येतो मी. मशीनमधलं कळतं मला."

रविवारी भाजलेल्या जवसाची पुडी घेऊन आम्ही वाशीच्या दुकानात गेलो. मिक्सरने दुकान हादरलं. जवस तापून भांड्याला तेलकट लगदा चिकटला.

"याच्यापेक्षा तुमचा खलबत्ता बरा!" धर्मराज म्हणाला.

परतताना बसमध्ये तो पेंगला. त्याचं डोकं माझ्या खांद्यापासून चार बोटांवर थांबलं. वाशी ते कोपरखैरणे मी हलले नाही.

दुसऱ्या रविवारचा मिक्सर बरा होता. मी म्हटलं, "झाकण ढिलं आहे." झाकण घट्ट होतं. तिसऱ्या रविवारी त्याला रंग आवडला नाही. चटणी काय रंग बघून वाटतात? पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत लाली नव्हती... मी मनात टिपून ठेवलं.

चौथ्या रविवारी हाताने फिरवायचं लोखंडी यंत्र मिळालं, टेबलाच्या कडेला आवळायचं. आवाज नाही, भुकटी कोरडी, रवाळ. खोट काढायला दोघांनीही खूप बघितलं. सापडली नाही. शेवटी घ्यावंच लागलं.

स्वयंपाकघरात ते बसवलं, तर दांडा फिरवताच टेबल डुगडुगायला लागलं. त्याने दोन्ही हातांनी धरलं. आईने चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली.

"झकास. पण वैजू, टेबल धरायला रोज कोण येणार गं?" असं म्हणून ती बाहेर निघून गेली.

"आता झोपा निवांत," मी म्हटलं.

"मी... पंधरा दिवस झाले, दिवसपाळीला आहे."

"माहीत आहे. आठच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे चौथे असता. तुम्ही मुद्दाम मागे बघत नाही."

त्याचे कान लाल झाले. "मग बोलला का नाहीत?"

"झाकण ढिलं नव्हतं, म्हणून."

मीच विचारलं, "खोली... सोडणार?"

"तुमी एकटीनं टेबल धराल, तर सोडतो."

मी यंत्रात मूठभर जवस ओतला आणि दांडा फिरवू लागले. टेबल डुगडुगलं. माझा डावा हात रिकामा होता, त्याने टेबल धरता आलं असतं. मी तो पदराखाली लपवला.