मुका मीटर

लोकांची समजूत काढणं हे काही माझं काम नव्हे. मी अणुवीज केंद्रात किरणोत्सार मोजतो. पण दूरच्या एका केंद्रात अपघात झाला आणि आमच्या गावाचा आमच्यावरचा विश्वासच उडाला. काचेच्या कारखान्याने नवी भट्टी रद्द केली, बँक कर्जाला टाळाटाळ करू लागली, आणि घरी बायकोने बॅग भरून दाराशी ठेवली.

"मी लेकीला घेऊन दादाकडे जाते," ती म्हणाली. "तुम्ही बसा तुमचं केंद्र सांभाळत."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणत साहेबांनी मला मीटर घेऊन दारोदार पाठवलं. मीटर भिंतीला लावायचा, टिकटिक ऐकवायची आणि सांगायचं, "घाबरू नका. माती, विटा, आपलं अंग, सगळ्यातून एवढं निघतंच. टिकटिक कुठेच थांबत नाही." लोक ऐकून घेत आणि दार लावून घेत. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पिणार, त्यांना काय बोलायचं!

बेकरीवाला सगळ्यांत खवट. त्याने दुकान विकायला काढलं होतं.

"मशीन तुमचं, टिकटिक तुमची. आम्ही नुसत्या माना डोलवायच्या?"

मी मीटर काउंटरवर ठेवला. टिकटिक मंदावली आणि थांबली.

सेल बदलले. बाहेर रस्त्यावर नेला, टिकटिक सुरू. आत आणला, गप्प. काटा शून्यावर होता. इतक्या वर्षांत मी शून्य कधी पाहिलं नव्हतं. शिशाच्या पेटीत ठेवला तरी मीटर अधूनमधून टिकटिकतोच.

बेकरीवाल्याचा चेहरा एकदम निवळला. "शून्य ना? मग आम्ही राहतो."

"अहो, शून्य असूच शकत नाही," मी म्हटलं. तो नुसता हसत राहिला. निघताना त्याने हातात पाव ठेवला. गरम होता, पण त्याला वासच नव्हता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग शेजारचा शिंपी, मग शाळेच्या बाई. मीटर गप्प आणि माणसं खूश. वाक्य तेच, सूरही तोच. कुणी भांडेना, कुणी काही विचारेना. कारखान्याने भट्टीचं काम पुन्हा काढलं. मी दुसरा मीटर नेऊन पाहिला, तोही तिथे गप्पच झाला.

"विश्वास परत आलाय," साहेब म्हणाले. "लोकांना चालतंय, मग तुमचं काय दुखतंय?"

मला भीती वाटत होती. दुपारी घरी आलो ते ठरवूनच, की दोघींना आजच्या आज दादाकडे पाठवायचं. घरात कुणी नव्हतं. बॅग दाराशीच होती. ओट्याच्या दगडाला मीटर लावला.

टिक. टिक.

हायसं वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं. बायको आत आली, मागून लेक. लेकीच्या हातात पाव होता.

"चला, स्टँडवर सोडतो तुम्हाला," मी म्हणालो.

मीटर गप्प झाला.

बायकोने वाकून काटा पाहिला. कितीतरी दिवसांनी ती हसली.

"शून्य ना? मग आम्ही राहतो."

मी कोपऱ्यात सरकलो. मीटर छातीशी धरला. टिक. टिक. माझी अजून चालू होती.

"बाबा!" लेक धावत आली आणि मला घट्ट बिलगली. मी तिच्या केसांत नाक खुपसलं. वास नव्हता.

तिला दूर लोटवेना. मी पुढच्या टिकची वाट पाहत उभा राहिलो.