चिंचेनं घासलेले हत्ती

टण्ण! कुंकवाच्या करंड्याचं झाकण फरशीवर पडलं, गरगर फिरलं आणि घरातली सकाळपासूनची शांतता मोडली.

शांतता कसली, अबोला तो! काल ह्यांचे कॉलेजातले मित्र जेवायला आले होते. मी वालाची उसळ वाढतेय आणि हे पुन्हा तेच सांगताहेत, "आमच्या सासूबाईंनी दोन हजार वर्षांचा इतिहास चिंचेनं घासून काढला!" सगळे खो खो हसले. मी पातेलं तिथेच आपटून आत गेले. सांगायचं तर सगळं सांगावं ना! स्वतःच्या वाट्याचं तेवढं बरं विसरता येतं माणसाला.

"आई, हा हत्ती कुणाचा?" करंड्यातलं तांब्याचं नाणं कमळीच्या तळहातावर होतं.

"तुझ्या आजोबांच्या विहिरीतला," मी म्हटलं. आणि आतल्या खोलीत कागद चाळत बसलेल्या ह्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगायलाच बसले.

लग्नाआधीच्या एका हिवाळ्यात वटारला, बाबांच्या वाडीत मी केळीला पाणी लावत होते. ओचा खोचलेला, पाय चिखलात... आणि एक सायकल सरळ माझ्या पाटातून आली! बांध फुटला, पाणी भलतीकडेच धावलं.

"ओ! डोळे आहेत की नुसताच चष्मा?"

तो उतरला. चष्म्यावर चिखलाचा शिंतोडा. "चष्म्यानं लांबचं दिसतं. जवळचं... आत्ता दिसलं."

मी फावडं पुढे केलं. "दिसलं ना? मग घाला बांध."

घातला बिचाऱ्यानं, बुटांसकट चिखलात उभं राहून. पाणी झिरपतच राहिलं.

"कुठले तुम्ही?"

"बोळिंजचा. पण आमचं दुकान आहे, वाडी नाही."

"ते बांधावरूनच कळतंय."

"मी रामनाथ. कॉलेजात इतिहास शिकवतो. आत्मारामभाऊंकडे जायचंय, नाणी बघायला..."

माझ्या हातातलं फावडंच गळालं. ज्याची बाबा देवासारखी वाट बघत होते, तो हा!

नाण्यांची गोष्ट अशी. आमची विहीर खणताना मातीचं एक मडकं लागलं होतं. आत तांब्याची नाणी. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला जोडलेली चार वर्तुळं. बाबा ज्याला त्याला कौतुकानं सांगायचे. ऐकणारे मान डोलवायचे आणि मागे हसायचे. शेजारच्या वाडीतले बाबूकाका तर तोंडावर विचारायचे, "काय आत्माराम, आज किती नाणी पाडलीस?" एखाद्या शिकलेल्या माणसानं गावासमोर 'खरी आहेत' म्हणावं, एवढंच बाबांना हवं होतं. म्हणून त्या दिवशी ओटी माणसांनी भरली होती.

आणि आमच्या आईनं, तुझ्या मथुराआजीनं, काय केलं? पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडे भांडी घासतात. तिनं पहाटे उठून तांब्या-पितळेबरोबर नाणीही चिंच नि राख लावून घासली. ताटात मांडली ती कशी, लग्नातल्या समईसारखी लखलखीत! काळीकुट्ट नाणी पाहुण्यापुढे ठेवायची कशी, ही तिची काळजी.

रामनाथनं भिंग लावलं. एक नाणं बघितलं, दुसरं बघितलं.

"ही नवी दिसतात," तो म्हणाला. "आणि हत्ती सगळीकडे अगदी तोच. एकाच साच्यातून ओतल्यासारखा. हल्ली अशी नकली नाणी कुणीकुणी खपवतात..."

बाबूकाका असे हसले की पायरीवरची कोंबडी उडाली.

बाबा उठले. ताट उचलून आत गेले. त्यांची ती वाकलेली पाठ... अजून आठवली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो!

मी रामनाथला फाटकाशी गाठलं. "थांबा! माझ्या बाबांनी उभ्या जन्मात बाजारात विकायच्या विड्याच्या पानांच्या कवळीत एक पान कमी घातलं नाही. त्यांना खोटं म्हणता?"

"त्यांना नाही हो... नाण्यांना म्हटलं."

"बोलणारी नाणी होती का तिथे? मान खाली गेली ती बाबांची! आणि नवी कशी दिसणार नाहीत? आईनं पहाटे चिंच लावून घासलीत ती!"

तो दगडासारखा उभा राहिला. "काय... लावून?"

"चिंच. आणि राख."

त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, जमिनीत मुरलेला तो रंगच तर बघायचा असतो! एक तरी न घासलेलं असतं..."

"आहे," मी म्हटलं.

विहीर बांधून झाली तेव्हा बाबांनी ओल्या सिमेंटमध्ये, कट्ट्याच्या काठावर, एक नाणं दाबून बसवलं होतं. जमिनीनं दिलं, त्यातलं एक जमिनीला परत. ते घासायला आईला आठवलंच नव्हतं.

नाणं हिरवं-काळं पडलेलं, कडेनं शेवाळ. त्यानं वाकून बघितलं, पण सिमेंटमधून ते उचलता येईना, दुसऱ्याशेजारी धरता येईना.

"मेण मिळेल? छाप उठवायला?"

"भाकरीची उकड मळलीय. चालेल?"

आम्ही उकडीला तेलाचा हात लावून कट्ट्यावरच्या नाण्याची छाप घेतली, मग मी आतून आणलेल्या घासलेल्या नाण्यांच्या, आणि केळीच्या पानावर शेजारी शेजारी मांडल्या.

"ओतलेली असतील तर कडासुद्धा जशाच्या तशा जुळतील," तो म्हणाला. "खरी नाणी ठोकून पाडायचे. ठसा तोच, पण प्रत्येक ठोका वेगळा. आणि ठशाला तडा गेला असेल, तर तो प्रत्येकावर उठणार."

मीही वाकले. डोक्याला डोकं लागता लागता राहिलं. त्याच्या मनगटावर वाळलेला चिखल... माझ्याच पाटातला.

"हे बघा," मी म्हटलं. "सोंडेपासून निघालेली ही केसासारखी रेघ. कट्ट्यावरच्यालाही आहे, ह्यालाही."

"आणि ह्यावर कडेपर्यंत गेलीय... तडा वाढल्यावर पाडलेलं हे!"

"पण ह्याची शेपटी बाहेर गेलीय. ह्याचे तर पायच नाहीत."

"म्हणजे ठसा एक... ठोके वेगळे." भिंग ठेवून माझ्याकडे बघत म्हणाला, "चुकलो मी."

"मला काय सांगता? तिकडे सांगा. ओटीवर. बाबूकाकांच्या समोर."

गेला. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "आत्मारामभाऊ, नाणी खरी आहेत. खोटी होती माझी घाई."

बाबांनी त्याचे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाले, "मास्तर, भाकरी खाऊन जा."

"कसली भाकरी?" मी आतून ओरडले. "उकड सगळी हत्तींनी खाल्ली!"

पुढे तो दर रविवारी येऊ लागला. प्रत्येक नाणं प्रत्येकाशी ताडून बघायचं म्हणे. मी उकड मळायची, तो छाप घ्यायचा. कधी बोटांना बोटं लागायची, आणि मी उगाचच ओरडायचे, "तेल सांडलंत!"

केळी फुलावर आल्या तेव्हा एकदा कट्ट्याशी तो हळूच म्हणाला, "विमला... नाणी कधीच संपली. मी पहिल्यापासून तीच पुन्हा बघतोय."

"माहीत आहे."

"कसं?"

"उकड कोण मळतं? तीच बिनपायांची छाप पुन्हा पुन्हा दिसते मला."

"मग बोलला का नाहीत?"

"राग होता म्हणून."

"अजून आहे?"

"आहे तर! बाबांना सगळ्यांसमोर तसं बोललात..."

"मग... जन्मभर येत राहीन. जाईल तेव्हा जाईल."

मी पाटाकडे बघितलं. पाटाचं पाणी तेवढं बोलत होतं. त्यानं घातलेल्या बांधातून आता थेंबही झिरपत नव्हता.

"लग्नात आजोबांनी हेच बिनपायांचं नाणं माझ्या ओटीत घातलं," मी कमळीला म्हटलं. "आणि तुझे बाबा चारचौघांत सांगतात काय? तर आजीची चिंच!"

आतल्या खोलीतली कागदांची सळसळ केव्हाची थांबली होती. कुणीतरी उगाच घसा साफ केला.

"अंतरपाट धरला तेव्हाही तू रागात होतीस?" कमळीनं विचारलं.

"होते तर!"

कमळीनं नाण्यावरच्या हत्तीकडे बघितलं, आतल्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग आई, तुझा राग गेला कधी?"