शंभराचा काटकोन

भिंतीवरची लाल फुली अजून ओली होती. दामिनीने बोट लावलं, तर रंग बोटाला आला.

१९९८ चा मे महिना. नववीची परीक्षा आटोपून दामिनी ऊर्जानगरहून आरमोरीजवळच्या मामाच्या गावी आली होती. उमाजीमामा तलावात जाळं टाकून पोट भरायचा. त्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आता उंच करणार होते आणि पाणी सध्याच्या पातळीपेक्षा चार मीटर वर चढणार होतं. ते कुठवर येईल हे ठरवायला प्रफुल नावाचा तरुण ओव्हरसियर गावात मुक्कामाला होता. तो पाण्याच्या रेषेवर झेंड्या रोवायचा आणि रेषेखालच्या घरांवर लाल फुली मारायचा. फुलीचं घर सोडावं लागणार होतं. सोमवारी त्याने एकही फुली मारली नाही. मंगळवारी मात्र एका दमात सात मारल्या, त्यात मामाच्याही घरावर एक.

गोकुळामामीने फळीवरची भांडी खाली उतरवायला घेतली. ते पाहून दामिनीचा मामेभाऊ भूपेश अंगणात येऊन बसला.

शेजारची सोनू मात्र डोळे बारीक करून चिंचेकडे पाहत होती. ती इतवारी गवंड्याची मुलगी, वयाने अकरा, पण उताराची नजर बापाची.

"चिंचेखाली सोमवारची झेंडी हाये," ती म्हणाली. "तुमचं घर तिच्यापेक्षा खाली दिसतच नाई. मंग फुली काऊन?"

भूपेशलाही तसंच वाटलं. पण उतारावर डोळे फसवतात, नुसत्या वाटण्यावर प्रफुलभाऊंशी भांडता येणार नाही, असं दामिनीने सांगितलं. तेव्हा सोनू धावत जाऊन बापाची लेव्हल पाईप घेऊन आली. ही तीस फुटांची पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरलं की नळी कितीही वाकडीतिकडी होवो, दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर थांबतं. गवंडी हिच्यावरच जोत्याची पातळी काढतात.

चिंचेपासून मामाच्या घरापर्यंत नळी पुरेना. मग मध्ये खुंट्या ठोकत, प्रत्येक खुंटीवर कोळशाने पातळीची खूण मारत ते पुढे सरकले. पहिल्या खेपेला नळीत हवेचा बुडबुडा अडकला आणि तासाभराची मेहनत पाण्यात गेली. ऊन मी म्हणत होतं. दुसऱ्या खेपेला भूपेशने नळी खालपासून वरपर्यंत टिचक्या मारून तपासली, मगच सोनूने पुढे जाऊ दिलं.

मामाचा उंबरठा झेंडीपेक्षा जवळजवळ वीतभर वर निघाला!

तिघांनी उरलेली सहा घरंही तपासली. चार रेषेच्या वर होती. बायनाबाईचं घर खाली होतं. शेवटचं घर सोनूचं. तिथे नळीतलं पाणी उंबरठ्याच्या चांगलं चार बोटं वर थांबलं. सोनूने ते दोनदा पाहिलं, मग नळी गुंडाळायला घेतली.

"आमचं खालीच हाये," एवढंच ती म्हणाली.

प्रफुलभाऊ शाळेच्या व्हरांड्यात यादी लिहीत होते. मुलांचं म्हणणं ऐकून ते हसले. टेपने अंतर घेतलं, तीन पायांच्या दुर्बिणीतून कोन घेतला, हिशेब कॅल्क्युलेटरने केला. आता प्लास्टिकच्या नळीचं काय ऐकायचं, असं त्यांचं म्हणणं. उद्या त्यांचे वरिष्ठ वामनराव साहेब येऊन यादी नेणार होते. भूपेश चिडून काही बोलणार होता, पण दामिनीने त्याचा हात दाबला. तिची नजर उघड्या वहीवर होती.

सोमवारच्या पानावर आकड्यांना लांबलचक शेपट्या होत्या. दशांशचिन्हापुढे सहा-सहा, सात-सात अंक. मंगळवारच्या पानावर मात्र प्रत्येक आकड्यात दोनच. म्हणजे मधल्या वेळेत कॅल्क्युलेटरात काहीतरी बदललं होतं. तिचा मोठा भाऊ अमर डिप्लोमाला होता आणि त्याचं कॅल्क्युलेटर तिने सुट्टीत बरंच हाताळलं होतं.

"भाऊ, हे आकडे आखूड कसे केले? मलेबी शिकवा ना," ती अगदी साळसूदपणे म्हणाली.

प्रफुलभाऊ खुलले. मोड दाबायचं, मग सात, मग दोन, की दोनच अंक दिसतात, त्यांनी दाखवलं. पहिल्यांदा घाईत साताऐवजी सहा दाबला गेला होता, पण काही बिघडलं नाही, हेही सांगून टाकलं.

"मंग तीसचा साइन काढून दाखवा. त्याचेबी दोनच येते का पाहू."

त्यांनी बटणं दाबली. काचेवर ०.४५ आलं.

"आमच्या बाईंनी अर्धा सांगितला होता," दामिनी म्हणाली. "०.५० पाह्यजे ना?"

प्रफुलभाऊंनी पुन्हा दाबलं. पुन्हा ०.४५. तेव्हा दामिनीने काचेच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे अंशांचं डी-ई-जी हवं होतं, तर जी-आर-ए अशी तीन बारीक अक्षरं होती. सहाचा मोड हाच. त्यात काटकोन नव्वदाचा नसतो, शंभराचा धरतात. दुर्बिणीतला सहा अंशांचा कोन कॅल्क्युलेटरने लहान धरला होता आणि त्यामुळे सगळी घरं कागदावर खाली सरकली होती.

प्रफुलभाऊंनी मोड आणि चार दाबलं. तीसचा साइन ०.५० आला. मग मामाच्या घराचा हिशेब: पाण्याच्या काठापासून अंतर चाळीस मीटर, कोन सहा अंश. वहीत उंची ३.७६ होती. आता ४.१८ आली, म्हणजे चार मीटरच्या रेषेच्या वर.

त्यांनी मंगळवारच्या पानावर आडवी रेघ मारली. मग शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "चला रे पोरांनो, सगळं परत मोजू."

दुसऱ्या दिवशी वामनराव साहेब आले तेव्हा प्रफुलभाऊंनी काही लपवलं नाही. साहेबांनी स्वतः नळी धरून एक घर तपासलं, दुर्बिणीचा आकडा जुळवून पाहिला आणि सगळ्या गावासमोर तिघांची पाठ थोपटली. पाच फुल्या पुसल्या. गोकुळामामीने भांडी फळीवर चढवली आणि प्रफुलभाऊंनाच जेवायला बसवलं.

दोन फुल्या तशाच राहिल्या. दामिनीला सोनूच्या घरी जायचा धीर होईना. शेवटी भूपेशला घेऊन गेली, तर इतवारीभाऊ आणि सोनू गावठाणाच्या उंच जागेवर चुन्याने नव्या घराची आखणी करत होते.

"सोनूनं मले कालच सांगतलं," ते म्हणाले. "तिनं कोळशाची खूण जराशी खाली मारली असती, तर तुमाले कोणाले समजलं नसतं. पण पाण्याले समजलं असतं ना, बाई? माह्या पोरीनं खरं मोजलं. माह्यासाठी तेच मोठं हाये."

सोनूने मान खाली घातली होती, पण ती हसत होती. तिने दोरीचं एक टोक दामिनीच्या हातात दिलं, दुसरं भूपेशच्या, आणि ताणून धरा म्हणाली.