वाचली का?

न्याय मोठा की प्रेम, या एका प्रश्नापायी साम्राज्यं कोसळली, ऋषी वनात निघून गेले आणि प्रत्यक्ष देवांना घाम फुटला. जिंतूर-परभणी एसटीत मात्र हा प्रश्न एका तरुणाच्या कोपरामुळे उपस्थित झाला. ते कोपर मंजुषाच्या बरगडीत रुतत होतं.

"काय करायलाव तुमी?" ती वैतागून म्हणाली.

"माफ करा... बस वाचवायलो."

त्याच्या मांडीवरच्या कागदावर खरोखरच एक एसटी पुलावरून लोंबकळत होती. पुलाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी लोंबकळत होती. मधोमध मुखवटा घातलेला, पँटवरून चड्डी घातलेला एक महावीर उभा होता. नाव वीजराव. अंगात विजेची ताकद. भारनियमन सुरू झालं की मात्र साधा माणूस.

चित्रकाराचं नाव आदिनाथ. गाव वालूर, राहायला जिंतुरात, शिकवायला परभणीच्या शाळेत. मंजुषा तत्त्वज्ञानात एमए करत होती, म्हणजे घरात तिला कुणी काही विचारत नसे.

"मग हा कुणाला वाचवणार?" तिनं विचारलं.

"बसला. चाळीस माणसं आहेत आत."

"आणि ही पोरगी?"

"हिच्यावर त्याचं प्रेम आहे."

"लय उपकार केले तिच्यावर!"

तो हसला. हसताना त्याचा एक गाल आधी हसायचा, दुसरा मागून यायचा. मंजुषानं हे उगीचच पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून आदिनाथ सीटवर रुमाल टाकून जागा धरू लागला. एका रुमालात दोन जागा. वाद रोज परभणीपर्यंत पुरायचा. चाळीस जीव एका जिवापेक्षा जड की नाही? ज्याच्या हातात ताकद आहे, त्यानं आपल्या माणसाला मागं ठेवायचं, की ज्याला आपलं असं माणूसच नाही, त्यानंच वीर व्हायचं? कंडक्टर परमेश्वर तिकीट फाडता फाडता म्हणायचा, "आज कोण मेलं?"

एकदा मंजुषानं विचारलं, "हा मुखवटा काढून तिला सांगत कामून नाही?"

"सांगितलं तर दुश्मन तिच्या मागं लागतील ना."

"दुश्मन राहू द्या. आधी तिला पाहायला गंगाखेडचे पाव्हणे येतील."

पेन्सिलचं टोक मोडलं.

"कुणाला...?"

"तिला," मंजुषा तिकिटाची सुरळी करत म्हणाली. "रविवारी."

आदिनाथ परभणीपर्यंत पेन्सिलीला टोक करत बसला. उतरताना त्यानं पूर्ण केलेली गोष्ट तिच्या हातात कोंबली आणि गर्दीत नाहीसा झाला. वीजरावलाही इतक्या चटकन जमलं नसतं.

सकाळी जिंतूरच्या बसस्थानकावर तो पलीकडूनच ओरडला, "वाचली का?"

"नाही वाचली!" मंजुषाही इकडून ओरडली. "तुमी सोडून दिलं तिला!"

मेथीचं टोपलं घेऊन बसलेली गोजरबाई ताडकन उठली. "आगं माय! कोन गेली?"

"पुलावरून पडली, मावशी," मंजुषा म्हणाली.

"बसबी पडली का?"

"बस वाचली. चाळीस माणसं होती."

झालं. चौघांनी घरी फोन लावले. एक जण पायातली चप्पल सोडून पळाला. चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांनी आपली एकही बस पडलेली नाही, असा जाहीर खुलासा केला. आदिनाथ घामेघूम होऊन सांगत सुटला, "कागदावर हो! कागदावर!"

गोजरबाईनं त्याला समोर उभं करून सगळी हकिगत वदवून घेतली. मग म्हणाली, "चाळीस मान्सं वाचवले, बेस केलं. त्याच्यात माझ्यासारखी एखांदी म्हातारी आसंलच. पर त्या पोरीला आधी सांगितलं व्हतं का, तुज्यावर जीव हाय म्हून?"

"नाही..."

"मंग बिचारी कोन म्हून मेली?"

आदिनाथ मंजुषाकडे पाहू लागला. तत्त्वज्ञानाची एमए मेथीच्या जुड्या मोजू लागली.

बस निघाली. बाहेर कापूस फुटला होता, शेतंच्या शेतं पांढरी. तो खिडकीशी बसून होता; ती त्याच्या शेजारी, आज कोपराची तक्रार न करता.

"बस तर वाचवावीच लागंल," तो हळूच म्हणाला. "त्यात बदल नाही."

"मला मान्य आहे. मीही तेच केलं असतं."

"पण मुखवटा... तो तिच्या भल्यासाठी नव्हता. ती नाही म्हणंल, याचं भ्याव होतं." त्यानं पेन्सिल खिशात ठेवली. "मंजुषा, मला तुमी आवडता. बसमधल्या चाळीस माणसांत बसल्या तरी आवडता."

चेहरा पांढरा पडलेला, डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले. आदिनाथनं जागा धरायचा रुमाल तिच्यापुढं केला. तेवढ्यात तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"पाव्हण्यांना मी नाही म्हणून सांगते," ती कशीबशी म्हणाली. "तुमी सोमवारी घरी या. आईला, अण्णांना भेटा."

"खरंच?"

"खरंच. फक्त आता... लवकर उठा आणि मला खिडकी द्या. इतके दिवस लाजंनं बोलले नाही, मला एसटी लागते."