यारो उपटायला निघालो तेव्हा

माझ्या बायकोला, चित्राला, आतड्याचा कॅन्सर असल्याचं एका मंगळवारी दुपारी कळलं. डॉक्टर म्हणाले, रक्त पडायला लागलं तेव्हाच यायला हवं होतं. रक्त पडतं हेच मला माहीत नव्हतं. वर्षभर ती यारो या रानवनस्पतीचा काढा पीत होती आणि मला सांगत होती, पचनासाठी आहे. मार्चमध्ये ती गेली.

ऑगस्टमध्ये मी कॅनडातल्या विनिपेगहून उत्तरेला निघालो. ज्या माळावरून ती यारो आणायची, तो मला मुळासकट साफ करायचा होता. फावडं घेतलं. वाट फक्त तिच्या धाकट्या भावाला, उन्मेषला ठाऊक होती, म्हणून त्यालाही घेतलं.

पहिल्या दिवशी तळ्यावर समोरून वारा. दुसऱ्या दिवशी कनू होडी डोक्यावर घेऊन दोन किलोमीटर चिखल तुडवला. नाकातोंडात डास जात होते, तरी उन्मेषचं बोलणं थांबेना. यारोची ओळख चित्राला डोरीन नावाच्या, तिथल्या क्री आदिवासी जमातीतल्या आजीने करून दिली होती. जखमेवर पाला, तापात काढा. पण आतून रक्त पडत असेल तर आधी डॉक्टर गाठ, असंही तिने बजावलं होतं.

"म्हणजे तिला रक्त पडतं हे तुला माहीत होतं," मी म्हणालो.

तो म्हणाला, "ताईने तुमच्या गळ्याची शपथ घातली होती, भावोजी. मोडली असती आणि तुम्हाला काही झालं असतं तर?"

"इंजिनिअर आहेस, पूल बांधतोस ना रे तू? तेही शपथेवर उभे करतोस का?"

नदीला लागलो. दोघेही रागाने वल्हवत होतो, पुढे कोणीच बघत नव्हतं. पाण्याला ओढ लागली. कनू खडकावर आदळली. उलटली! मी एका हाताने झुडूप पकडलं, दुसऱ्याने उन्मेषची कॉलर. त्याची पोटरी उभी फाटली होती. औषधांची पिशवी वाहून गेली होती. रक्त थांबेना!

त्याला ओढत काठावर चढवलं, तर समोर तोच माळ. पांढऱ्या फुलांचे सपाट झुबके, पिसांसारखी पानं, नजर जाईल तिथवर. मी पानं ओरबाडली. चावली. कडू लगदा जखमेत भरला, शर्ट करकचून बांधला आणि दोन्ही हातांनी दाबून बसलो. अर्धा तास मी त्याला शिव्या देत होतो. तो प्रत्येक शिवीला "हो, भावोजी" म्हणत होता.

रक्त थांबलं. पाल्याने की दाबल्याने, मला सांगता येणार नाही.

फावडं बुडालं होतं. कनू आणि एक वल्हं खाली झुडपांत अडकलेलं सापडलं. उन्मेषला कनूत झोपवून काठाकाठाने दोराने ती ओढली. चिखलात तो माझ्या खांद्याचा आधार घेऊन लंगडत चालला. गाडीपर्यंत यायला दोन दिवस लागले. त्याचा पाय वाचला.

माळ तसाच आहे; तिथे परत जाणार नाही. उन्मेष दर रविवारी फोन करतो, मी उचलतो. त्याला माफ करायचं अजून राहिलं आहे.